ख्रिश्चन आल्मर : पाहुण्यांना हिवाळ्यात शिखरावर नेणारा वाटाड्या



आपल्याकडच्या टूर कंपन्यांच्या युरोप सहलीत स्वित्झर्लंडचं युंगफ्रौ असतंच. तुमच्या ओळखीत कुणीतरी नक्की जाऊन आलं असेल. आगगाडीत बसायचं, बोगद्यातून थेट 3,454 मीटरवरच्या स्टेशनात उतरायचं, बर्फात फोटो काढायचा. हा बोगदा आयगर आणि म्योंख या दोन डोंगरांच्या पोटातून जातो. या दोन्ही शिखरांवर माणसाचं पहिलं पाऊल पडलं, तेव्हा पाहुण्यांना वर नेणाऱ्यांत एक माणूस दोन्ही वेळा होता. तो म्हणजे ख्रिश्चन आल्मर.

जन्म 1826 चा, ग्रिंडेलवाल्ड गावचा. हे गाव साधारण हजार मीटर उंचीवर आहे आणि समोर भिंतीसारखे डोंगर उभे. आल्मर मूळचा मेंढपाळ. (मी त्याला अरे-तुरे करतेय, पण वर्गात गोष्ट सांगताना तेच तोंडात बसलं.) कोणतं बर्फ पायाखाली टिकतं, ढग कुठून आले की परत फिरायचं, हे तो जनावरांमागे फिरूनच शिकला.

लोकांच्या नजरेत तो आला 1854 मध्ये, तेही आगंतुक म्हणून. आल्फ्रेड विल्स नावाचा इंग्रज वकील वेटरहॉर्न चढायला आला होता. उंची 3,692 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. सोबत चार वाटाडे, आणि शिखरावर रोवायला लोखंडी निशाण. अर्ध्या वाटेत बघतात तर दुसरीकडून दोन माणसं भराभर वर चाललेली, आणि एकाच्या पाठीवर चक्क एक छोटं झाड! आल्मर आणि त्याचा मेव्हणा. आपल्या गावचा डोंगर, मग पहिला मान परक्यांना का द्यायचा, असा त्यांचा हिशोब. आरडाओरडा झाला, मग समेट झाला. सगळे मिळून वर गेले, आणि लोखंडी निशाणाशेजारी हिरवं झाड रोवलं गेलं. विल्सच्या एका वाटाड्याने या दोघांना चॉकलेटची वडी दिली म्हणे! खरं तर हे शिखर दहा वर्षं आधीच सर झालेलं होतं, पण गोष्ट लक्षात राहिली ती झाडाची.

त्यानंतर आल्मरने वाटाड्याचं काम धरलं. 1857 ला म्योंख, 1858 ला आयगर. आयगरवर गेलेला आयरिश पाहुणा चार्ल्स बॅरिंग्टन हा काही मुरलेला गिर्यारोहक नव्हता. आल्मर आणि पीटर बोरेन या दोघांनी त्याला वर नेलं आणि सुखरूप खाली आणलं. पुस्तकांत पहिलं नाव बॅरिंग्टनचं येतं. त्या काळी पद्धतच तशी होती. पैसे देणारा तो चढणारा, आणि पुढे राहून बर्फात कुऱ्हाडीने पायऱ्या खोदणारा तो नोकर. मला हे खटकतं, आणि मुलांनाही खटकलं तर बरंच आहे.

वाटाड्याकडे एक वही असायची. प्रत्येक पाहुण्याने काम संपल्यावर तिच्यात अभिप्राय लिहायचा, आपल्या शाळेतल्या शेरेबुकासारखा. पुढचा पाहुणा वही वाचूनच माणूस ठरवायचा. आल्मरची वही 1856 पासून 1894 पर्यंतची आहे, आणि 1896 मध्ये लंडनमध्ये ती जशीच्या तशी छापली गेली. एका डोंगरी माणसाच्या शेरेबुकाचं पुस्तक झालं!

आता एक नकार सांगते. 1865 च्या जूनमध्ये एडवर्ड व्हिंपर या इंग्रजाने त्याला मॅटरहॉर्नवर नेलं. घळीतून दगड कोसळू लागले आणि सगळ्यांना पळावं लागलं. आल्मरने साहेबाला स्पष्ट सांगितलं की दुसरा कोणताही डोंगर सांगा, येतो, पण हा नको. रोजगार देणाऱ्यापुढे असं बोलायला काय लागतं, ते नोकरी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पुढच्या काही दिवसांत त्याने व्हिंपरला दुसरी दोन मोठी शिखरं करून दिली. मग दोघांची वाट वेगळी झाली. 14 जुलैला व्हिंपर दुसऱ्या माणसांबरोबर मॅटरहॉर्नवर पोहोचला. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघं गेले. त्यात मिशेल क्रो हा वाटाडा होता. आल्मरने त्याच्याबरोबर एका दोरात कितीतरी दिवस काढले होते.

या अपघातानंतर बराच काळ लोक गिर्यारोहणाला वेडेपणाच म्हणत. आल्मरकडे पाहुणे येतच राहिले. 1868 पासून त्याच्याकडे एक अमेरिकन जोडी येऊ लागली, मेटा ब्रेव्हूर्ट ही मावशी आणि तिचा तरुण भाचा कूलिज. त्या वर्षी कूलिज आयगरवर जाऊ शकला नाही आणि हिरमुसला, तेव्हा आल्मरने त्याला आपली कुत्री देऊन टाकली. तिचं नाव चिंगेल. ही चिंगेल पुढे मालकाबरोबर दोरात बांधून शिखरं चढू लागली, 1875 मध्ये तर माँ ब्लाँवरही गेली! तुमच्या वर्गात बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी ही कुत्री राहील, याची खात्री देते.

याच मावशी-भाच्याला घेऊन आल्मरने जानेवारी 1874 मध्ये ते केलं, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. भर हिवाळ्यात वेटरहॉर्न आणि युंगफ्रौ! दोन्हींवर हिवाळ्यात आधी कुणीच गेलं नव्हतं. बाई पन्नाशीला टेकलेल्या, भाचा तेवीस वर्षांचा, आल्मर सत्तेचाळीसचा. गावापर्यंत तेव्हा रेल्वेही नव्हती, ती 1890 ला आली.

हिवाळ्यात काय वेगळं असतं, ते मुलांना जरूर सांगा. बर्फाच्या नदीत खोल भेगा असतात, त्यांवर नव्या बर्फाचं पातळ झाकण बसतं. वरून सगळं सारखंच पांढरं. म्हणून पुढचा माणूस काठीने टोचत टोचत जातो आणि सगळे एका दोरात असतात. एक पडला तर बाकीच्यांनी पाय रोवायचे. ताज्या बर्फात मांडीपर्यंत पाय रुतत असेल, तर पहिल्या माणसाची दमछाक सर्वांत जास्त. दिवस लहान, म्हणजे चुकायला वेळच नाही. उतारावर साठलेलं बर्फ कधी घसरेल ते त्याच्या रंगावरून, आवाजावरून ओळखायचं. पण हवा स्थिर असेल तर खाली दरी धुक्यात बुडालेली आणि वर लख्ख ऊन, असं आकाश उन्हाळ्यातही क्वचित मिळतं. हे आल्मरला गावात बसून माहीत होतं. पाहुण्यांना ते दिसलं त्याच्यामुळे.

1879 च्या जानेवारीत त्याने कूलिजला श्रेकहॉर्नवरही नेलं. पण थंडीने आपली किंमत वसूल केली. साठीच्या उंबरठ्यावर असताना, युंगफ्रौच्याच एका हिवाळी चढाईत त्याच्या पायांना हिमदंश झाला आणि पायाची काही बोटं गमवावी लागली. वाटाड्याची बोटं म्हणजे सुताराचा हात. तरी बरा झाल्यावर तो पुन्हा डोंगरात दिसू लागला, आणि वहीतले शेरे 1894 पर्यंत चालूच आहेत.

त्याची मुलंही याच कामात शिरली. मोठा उलरिच बापासारखाच निघाला. 1880 मध्ये एका शिखराच्या कडेचं बर्फ तुटून त्याचे सोबती खाली गेले, तेव्हा त्याने एकट्याने दोर धरून सगळ्यांना वाचवलं.

1896 मध्ये आल्मरच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. बायकोचं नाव मार्गारिथा. दोघांनीही सत्तरी गाठलेली. वाढदिवस कसा साजरा करायचा? म्हातारा-म्हातारी वेटरहॉर्नवर चढून गेली. तोच डोंगर, जिथे तरुणपणी तो पाठीवर झाड घेऊन गेला होता. यावेळी पाहुणा कुणी नव्हता, वही पुढे करायची नव्हती, बायकोला डोंगर दाखवायचा होता. बाई घरात बसून पन्नास वर्षं ज्याची वाट बघत राहिली, ती जागा तिने डोळ्यांनी बघितली.

त्याच वर्षी युंगफ्रौच्या रेल्वेचं काम सुरू झालं. दोन वर्षांनी, मे 1898 मध्ये, आल्मर ग्रिंडेलवाल्डलाच वारला. गाडी वरपर्यंत पोहोचली 1912 मध्ये. उलरिच तेव्हा त्रेसष्टीच्या आसपास होता.