दुष्काळाच्या वाटेवरील पहारा : पंडिता रमाबाई (१८५८–१९२२)

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे लहानसे स्थानक लागते. शिरूरकडून न्हावऱ्यामार्गे भीमा ओलांडून येणारा रस्ताही येथून जवळच, चौफुल्याला मिळतो. १८९७ साली अस्थिपंजर झालेल्या, अंगावर चिंध्या असलेल्या मुली या केडगावी आणल्या गेल्या. त्यांना आणणारी स्त्री होती पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी झाला. वडिलांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या मातेने लेकीला. तीर्थाटनातच बालपण गेले. दक्षिणेतील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण डोळ्यांदेखत गेली. भुकेल्या, निराधार तरुण मुलीला रस्त्यावर कोण भेटते आणि काय विचारते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे कलकत्त्यास ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या, बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह, १८८२ साली वैधव्य, १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन धर्मभगिनींच्या सहवासात बाप्तिस्मा, अमेरिकेचा प्रवास आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदनाची स्थापना, हा इतिहास वाचकांस परिचित आहे.

परिचित नाही तो त्यांच्या कार्याचा दुसरा भाग. गरीब यात्रेकरूच्या वेशात त्या वृंदावनात जाऊन राहिल्या. तेथे त्यांना आढळले की, दलाल गावोगाव हिंडून तरुण विधवांना पुण्यप्राप्तीचे आमिष दाखवीत व क्षेत्री आणून सोडीत. हातचा पैसा संपला, की त्या स्त्रियांना परतीची वाट उरत नसे. प्रवास धर्माच्या नावाने सुरू होई आणि वेगळ्याच ठिकाणी संपे.

१८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातही तेच घडत होते. सरकारी गरीबखान्यांत अन्न होते, संरक्षण मात्र नव्हते. मायाळू बोलणाऱ्या कुंटणी व दलाल मुलींना हेरीत, आणि पहाऱ्यावरील माणसेही नेहमी विश्वासाची नसत. रमाबाईंनी ओळखले की, मुलगी एकदा शहराच्या गल्लीत नाहीशी झाली की तिला शोधून काढणे जवळजवळ अशक्य. जे करावयाचे ते वाटेवरच, दलालाच्या आधी पोहोचून. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या.

पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर होता व नवी माणसे शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांची मनाई होती. शारदा सदनास उत्पन्न व्हावे म्हणून केडगावी घेतलेली सुमारे १०० एकर जमीन अशा वेळी कामी आली. तेथेच ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० साली गुजरातच्या दुष्काळात त्यांच्या साहाय्यक स्त्रिया गावोगाव फिरल्या आणि आश्रमवासीयांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ वेगळे होते. विणकाम, छपाई, शेती, अंधांसाठी शिक्षण हे सारे तेथे चाले. कारण पोटापुरते कमावता न येणाऱ्या मुलीला दलाल दुसऱ्यांदाही गाठतो.

येथे एक अवघड प्रश्न उरतो. अनोळखी मुलींना आगगाडीत बसवून दूर नेणारी स्त्री आणि दलाल, या दोघांत पाहणाऱ्याने फरक कसा ओळखावा? रमाबाईंवरही संशय घेतला गेला. धर्मांतराच्या आरोपाने १८९३ सालीच पुण्यातील अनेक सहकारी दूर गेले होते. नव्याने आलेल्या मुलीही प्रारंभी त्यांना भीत. संशय सर्वस्वी निराधार म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण मला तसे वाटत नाही. मुली नेणाऱ्या कोणालाही हिशेब विचारला गेलाच पाहिजे. फरक दिसतो तो मुलगी पोहोचल्यानंतर: तिचे जेवण, शिक्षण आणि हातातील काम दहा वर्षांनीही कोणालाही पाहता येते का, यात.

आज भारत–नेपाळ सीमेवर हाच प्रश्न रोज विचारला जातो. दोन्ही देशांच्या नागरिकांना तेथे पारपत्र लागत नाही, त्यामुळे कागद पाहून काही कळत नाही. २००१ पासून सशस्त्र सीमा बल या सीमेवर आहे. पलीकडे १९९३ साली स्थापन झालेल्या ‘माइती नेपाल’सारख्या संस्थांच्या स्त्रिया नाक्यांवर उभ्या असतात. बरोबरचा माणूस कोण, काम कोठे, घरी ठाऊक आहे का, असे साधे प्रश्न त्या मुलीला व त्या माणसाला वेगवेगळे विचारतात. उत्तरे जुळली नाहीत, की प्रवास तेथेच थांबतो. आपल्याकडे रेल्वे स्थानकांवर रेल्वे संरक्षण दलाचे जवान एकट्या मुलांची विचारपूस करतात, ती याच जातीची.

रमाबाईंची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत बायबल आणण्यात गेली. त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, आश्रमातील स्त्रियांच्या हातून झाली. जुलै १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी रमाबाईंनीही देह ठेवला. मुक्ती आजही तेथे आहे.