लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. लोखंडी नांगराच्या निर्मितीसाठी ते विशेष प्रसिद्ध आहेत.

प्रारंभिक जीवन

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेची आवड असल्यामुळे त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात प्रवेश घेतला. परंतु अंशतः रंगांधत्व असल्याचे आढळल्याने चित्रकला सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अध्यापन केले. ती नोकरी सोडून त्यांनी बंधू रामूअण्णा यांच्यासमवेत बेळगावात सायकल विक्री-दुरुस्तीचा व्यवसाय केला.

लोखंडी नांगर

कडबा कापण्याच्या यंत्रानंतर लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगराने जमीन वरवर उकरली जाई. लोखंडी नांगर माती खोलवर उलथून टाकी. तथापि लोखंडामुळे जमीन विषारी होते, असा समज असल्याने शेतकरी तो घेण्यास धजावत नसत. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. फाळ जमिनीत घासून झिजतो, म्हणून केवळ नांगराचा आराखडा नव्हे, तर ओतकामाचा कठीणपणाही महत्त्वाचा ठरला.

किर्लोस्करवाडी

बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्थानकाजवळील माळरान व कर्ज दिले. निवडुंग आणि सापांनी व्यापलेल्या या जागी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. कामगारवस्तीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तींनाही तेथे काम दिले गेले.

पहिल्या महायुद्धात लोखंड व दगडी कोळसा दुर्मीळ झाला. तेव्हा लोणारी कोळशावर भट्टी चालविण्यात आली. कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या आणि त्या लोखंडाचे नांगर झाले.

उत्तरायुष्य

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. नांगराबरोबर चरक, पंप आदी वस्तूंचेही उत्पादन होऊ लागले. पुढे पुत्र शंतनुराव यांनी उद्योगाचा विस्तार केला. १९६९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने लक्ष्मणरावांचे टपाल तिकीट प्रसिद्ध केले.