डॉ. वसंत रामजी खानोलकर : काचपट्टीवरून माणसापर्यंत

डॉक्टर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नाडी पाहणारा, सुई टोचणारा माणूस उभा राहतो. आपले रक्त किंवा गाठीचा तुकडा ज्या डॉक्टराकडे तपासायला जातो, तो आपल्याला कधी दिसत नाही. हाती येतो फक्त एक कागद. पण पुष्कळदा रोग्याचे पुढचे आयुष्य त्या कागदावरच ठरते. हिंदुस्थानात या न दिसणाऱ्या डॉक्टराचे काम ज्यांनी मोठे केले, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव आधी घ्यावे लागते.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजात झाला. लंडन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९२३ साली ते विकृतिशास्त्रात एम. डी. झाले. रोगाने शरीरात काय बिघाड केला ते पाहण्याची ही विद्या. लंडनच्या पदवीवर दवाखाना थाटून पैसा मिळवता आला असता. खानोलकर मुंबईस येऊन शिकवू लागले. (आम्हा शिक्षकांना याचे कौतुक वाटणारच.) आधी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि मग परळचे सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज. हे दुसरे कॉलेज १९२६ साली निघाले. तेथे शिकवणारे सारे हिंदी असावेत, अशी देणगीदारांची अट होती. परके राज्य असताना ही अट लहान नव्हती.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले आणि तेथील प्रयोगशाळा खानोलकरांकडे आली. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचा केसाहूनही पातळ काप काढायचा, रंग देऊन काचपट्टीवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचा. कॅन्सर आहे म्हटले तर रोग्याचा जबडा कापावा लागे, नाही म्हटले तर तो घरी जाई. निर्णय चुकला तर दोन्हीकडून घातच. रोग्याचे तोंडही न पाहिलेल्या डॉक्टरावर ही जबाबदारी होती.

पण खानोलकर काचपट्टीपाशी थांबले नाहीत. हा रोग याच माणसाला, याच जागी का झाला, हे त्यांनी विचारले. कॅन्सर हा पाश्चात्त्यांचा रोग, हिंदुस्थानात तो थोडाच, असा तेव्हा समज होता. १९४५ साली खानोलकर व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी चालीरीतींशी जोडलेले तीन प्रकारचे कॅन्सर वर्णन केले. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळून कातडी घासली जाते, तेथे होणारा एक. बिहारकडे चुना मिसळलेली तंबाखू, म्हणजे खैनी, खालच्या ओठात धरून ठेवतात, तेथे होणारा दुसरा. आणि आंध्रात चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढतात, त्याने टाळूला होणारा तिसरा. आपल्या बेटावरच्या भोजपुरी आणि तेलुगू शेजाऱ्यांचे पूर्वज याच मुलखांतून आले, म्हणून ही नावे आपल्यालाही अगदीच परकी नाहीत. पान-तंबाखू तर माणसाबरोबर समुद्र ओलांडते. आज अमेरिकेत न्यू जर्सीतील आयसेलिन गावी ओक ट्री रोडवर हिंदी दुकाने ओळीने आहेत, आणि पान तेथेही मिळते.

धोतर आणि ओठ पाहणे हे प्रयोगशाळेतील डॉक्टराचे काम, असे त्यापूर्वी कोणाला वाटले असते? माझ्या मते खानोलकरांचे खरे मोठेपण येथे आहे. रोग्याच्या सवयी विचारायच्या, त्याची जात-जमात, खाणेपिणे टिपायचे आणि मग काचपट्टीकडे परत यायचे.

हे एकट्या डॉक्टराच्या आवाक्यातले नव्हते, आणि ते त्यांनी ओळखले. १९५२ साली मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर निघाले. त्याचे पहिले संचालक खानोलकर. तेथे त्यांनी डॉक्टर नसलेल्यांनाही बरोबरीने घेतले. डॉ. एल. डी. संघवी हे आनुवंशिकीचे व आकडेशास्त्राचे अभ्यासक. त्यांच्यासह केलेल्या पाहणीत १९५५ साली दिसले की तंबाखू चघळणाऱ्यांना कॅन्सर अधिक करून तोंडात होतो, तर ओढणाऱ्यांना घशाकडे. पुण्याच्या कमल रणदिवे या जीवशास्त्रज्ञ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली त्या पीएच. डी. झाल्या, अमेरिकेत शिकून आल्या आणि त्यांनी या केंद्रात पेशी काचपात्रात वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. पुढे त्यांनी केंद्राची धुराही वाहिली. स्वतः डॉक्टर असून प्रयोगशाळेची किल्ली इतरांच्या हाती देणे त्या पिढीत सोपे नव्हते.

मानसन्मान पुष्कळ आले. पद्मभूषण, आंतरराष्ट्रीय कॅन्सर संघाचे अध्यक्षपद, आणि १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी बरेच काम केले, पण तो विषय वेगळ्या लेखाचा आहे.

१९६६ साली ते संशोधन केंद्र आणि टाटा हॉस्पिटल एक झाले. खानोलकर २९ ऑक्टोबर १९७८ रोजी वारले. केंद्राचे नाव पुढे बदलले आणि २००२ साली ते नवी मुंबईत खारघरला गेले. तेथे आज डॉक्टर आणि डॉक्टर नसलेले शास्त्रज्ञ एकाच आवारात काम करतात.