पाण्याखालचा मुशाफिर : झाक-ईव्ह कुस्तो

तांबड्या समुद्रात, पोर्ट सुदानच्या ईशान्येस, शाब रूमी नावाचा प्रवाळखडक आहे. खोल पाण्यातून तो भिंतीसारखा उभा वर येतो. समुद्राचा प्रवाह या भिंतीवर आदळतो आणि सूक्ष्म जीवांचे अन्न घेऊन येतो. ते खायला लहान मासे जमतात, त्यांच्यामागे मोठे, आणि सर्वांमागून शार्क. जिथे पाण्याला ओढ जास्त तिथेच जीवसृष्टीची गर्दी! पण हीच ओढ बेसावध पाणबुड्याला खडकापासून दूर नेते. अशा ठिकाणी माणसाने मोकळेपणाने विहरावे, ही किमया घडवणाऱ्यांत झाक-ईव्ह कुस्तो यांचे नाव अग्रभागी आहे.

कुस्तोंचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समध्ये झाला. नौदलात वैमानिक होण्याचे त्यांचे स्वप्न मोटार अपघातात भंगले. हात जायबंदी झाले. पुढे १९३६ मध्ये तूलाँ येथे त्यांनी डोळ्यांना पाण्यातला चष्मा लावून पाण्यात डोके घातले आणि आयुष्याची दिशाच पालटली.

त्या काळचा पाणबुड्या जड शिरस्त्राण घालून, होडीच्या नळीला बांधलेला असे. १९४३ मध्ये एमिल गान्यां या अभियंत्याच्या मदतीने कुस्तोंनी श्वासयंत्र सिद्ध केले. पाठीवरच्या टाकीतली हवा श्वास घेताच, आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, तोंडात येई. आज मालवणला हौशी पर्यटक पाण्यात उतरतात ते याच तत्त्वावर. पण हे स्वातंत्र्य फुकटचे नव्हते. खोलवर नायट्रोजनची धुंदी चढते. १९४७ मध्ये त्यांचा सहकारी मोरीस फार्ग सुमारे १२० मीटर खोलीवर जाऊन प्राणांस मुकला.

'कॅलिप्सो' नौकेवरील त्यांच्या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार लाभला. त्याच चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळांजवळ सुरुंग उडवलेला दिसतो, शार्कची निर्दय कत्तलही दिसते. चरित्रकाराने हे झाकून ठेवू नये. शाब रूमीजवळ १९६३ मध्ये त्यांनी दहा मीटर खोल घर उभारले. त्यात पाच माणसे महिनाभर राहिली.

मात्र १९६० मध्येच भूमध्य समुद्रात किरणोत्सर्गी कचरा टाकण्यास त्यांनी विरोध केला होता. अंटार्क्टिकातील खाणकामाविरुद्ध तर त्यांनी उतारवयात जगभर सह्या गोळा केल्या, आणि १९९१ च्या करारात त्यावर बंदी आली. मधल्या काळात, १९७९ मध्ये, पुत्र फिलिप विमान अपघातात गेला. १९९६ मध्ये सिंगापूर बंदरात 'कॅलिप्सो' बुडाली. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये कुस्तो निवर्तले.