उरलेल्या द्रावणातले दोन धातू : विल्यम वोलास्टन

विल्यम हाइड वोलास्टन यांचा जन्म ६ ऑगस्ट १७६६ रोजी इंग्लंडमध्ये झाला. शिकले डॉक्टरकी, पण १८०० मध्ये ती सोडून मित्र स्मिथसन टेनंट यांच्यासोबत प्लॅटिनम शुद्ध करू लागले.

प्लॅटिनमचे खनिज आम्लराजात विरघळवून त्यात नवसागर घातला, की प्लॅटिनमचा पिवळा साका खाली बसतो. काम झालं! मग वरचं द्रावण कशाला ठेवायचं? वोलास्टन यांनी मात्र तेच तपासलं. त्यातून १८०२ मध्ये पॅलेडियम आणि १८०४ मध्ये ऱ्होडियम हे नवे धातू मिळाले.

पॅलेडियम त्यांनी १८०३ मध्ये स्वतःचं नाव लपवून लंडनच्या एका दुकानात विकायला ठेवलं. चेनेविक्स या रसायनशास्त्रज्ञाने तो नुसता मिश्रधातू ठरवला. तेव्हा वोलास्टन यांनी, तसा बनवून दाखवणाऱ्याला निनावीच २० पौंडांचं बक्षीस लावलं. कुणालाच जमलं नाही. १८०५ मध्ये त्यांनी खरं सांगितलं.

प्लॅटिनम घडवण्याची कृती मात्र त्यांनी १८२८ मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी उघड केली. ज्ञान इतकी वर्षं लपवणं योग्य होतं का? मुलांना नक्की विचारा.