पेरूच्या फांदीवरचा कोळी

पेरूच्या झाडाची एक फांदी, तिच्यावर मुंग्यांची झुंबड, आणि खाली घरट्याशेजारी उताणा पडलेला इवलासा हमिंगबर्ड. त्याच्यावर एक केसाळ, काळसर कोळी स्वार झालेला. १७०५ साली आम्स्टरडॅममध्ये प्रसिद्ध झालेल्या सुरिनाममधील कीटकांविषयीच्या ग्रंथातील हे अठरावे चित्र. ते काढणाऱ्या मारिया सिबिला मेरियन यांना या एका चित्रापायी मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी खोटे ठरविण्यात आले.

मारिया यांचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी फ्रँकफुर्टमध्ये झाला. वडील नामांकित उत्कीर्णक व प्रकाशक. ती तीन वर्षांची असतानाच ते वारले. सावत्र वडील याकोब मारेल फुलांचे चित्रकार होते. त्यांच्या कार्यशाळेत ती रंग घोटायला शिकली आणि तेराव्या वर्षी रेशमाचे किडे पाळू लागली. कीटक चिखलातून आपोआप उपजतात, असे मानणाऱ्यांची संख्या त्या काळी कमी नव्हती. ही मुलगी मात्र अंडे, अळी, कोष, पतंग असा सारा क्रम रोज डोळ्यांनी पाहून कागदावर उतरवीत होती.

पुढे विवाह, दोन मुली, सुरवंटांवरील ग्रंथ, पतीपासून विभक्त होऊन फ्रीसलंडमधील एका धर्मपंथीयांच्या वसाहतीत काढलेली काही वर्षे, आणि १६९१ पासून आम्स्टरडॅम. तेथील श्रीमंतांच्या संग्रहांत दूरदेशीचे कीटक टाचण्यांना टोचलेले असत. पण ते कशातून जन्मले, काय खात होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा स्वतःची चित्रे विकून, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकटी कन्या डोरोथिया हिला सोबत घेऊन त्यांनी १६९९ मध्ये सुरिनामचे जहाज गाठले. हे धाडस आजही थक्क करते.

उसाच्या मळ्यांच्या त्या डच वसाहतीत त्यांनी जंगल तुडविले. गुलाम आफ्रिकी आणि मूळनिवासी माणसांनी त्यांना कीटक आणून दिले, वनस्पतींचे उपयोग सांगितले. आपल्या अंगणातला शंकासुर गुलाम स्त्रिया गर्भ पाडण्यासाठी वापरतात, कारण आपल्या पोरांनी गुलाम व्हावे हे त्यांना नको असते, याची नोंद मारियांनी करून ठेवली आहे. १७०१ मध्ये आजारपणामुळे त्यांना परतावे लागले. साठ चित्रांचा ग्रंथ चार वर्षांनी निघाला. १३ जानेवारी १७१७ रोजी त्यांचे निधन झाले.

लिनियसने १७५८ मध्ये या चित्राचा आधार घेत कोळ्याच्या जातीला पक्ष्यांवरून 'अविक्युलारिया' हे नाव दिले. पण १८३४ मध्ये विल्यम मॅक्ले या कीटकतज्ज्ञाने कोळी पक्षी खातो ही गोष्टच कपोलकल्पित ठरविली. अन्य टीकाकारांनीही झोड उठविली. चुका नव्हत्याच असे नाही. हमिंगबर्ड दोनच अंडी घालतो. चित्रातील घरट्यात चार आहेत. मात्र ॲमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षे भटकलेल्या हेन्री बेट्सने कामेता गावाजवळ झाडाच्या भेगेत एका मोठ्या कोळ्याच्या तावडीत दोन छोटे पक्षी सापडल्याचे आपल्या १८६३ च्या ग्रंथात लिहिले. एक मेला होता, दुसरा लवकरच मेला. त्याआधीच ऑस्ट्रेलियात कोळ्याने पकडलेले पिल्लू पाहून खुद्द मॅक्लेनेही आपले म्हणणे मागे घेतले होते. अर्थात या कोळ्यांचे रोजचे अन्न कीटकच, पक्षी क्वचितच.

कोळी नेमका कोणता, हा प्रश्न मात्र सोपा नव्हता. पायांची गुलाबी टोके पाहून जाती ओळखता येत नाही. पिलांचे रंग वाढत्या वयाबरोबर पालटतात, आणि एकाच जातीतही रूपे वेगळी असतात. जंगलातून पकडलेला कोळी कुठला, हे ठाऊक नसेल तर गोंधळ आणखी वाढतो. नराच्या तोंडाजवळील उपांगांच्या टोकाचा वीर्यवाहक अवयव आणि मादीच्या पोटातील वीर्यकोश सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. दोन शतकांत या प्रजातीत वाट्टेल ते कोळी घुसडले गेले होते. ब्राझीलचे कॅरोलिन फुकुशिमा आणि रोजेरियो बेर्तानी यांनी जुने नमुने पुन्हा तपासून २०१७ मध्ये तिच्यात केवळ १२ जाती ठेवल्या. त्यांपैकी तीन नव्या होत्या. पेरू देशातील एका नव्या जातीचे नाव त्यांनी ठेवले, अविक्युलारिया मेरियानी.