शंकर आबाजी भिसे

आंबेगाव तालुक्यातून आमच्या शाळेत येणाऱ्या एका विद्यार्थ्याने सुटीत घरी पडद्यावरील खेळांची लाकडी पेटी तयार केली. तिच्या बटणांखाली तांबडे एल. ई. डी. दिवे बसवून त्याने ते थेट मोबाईलच्या चार्जरला जोडले. क्षणभर लख्ख उजेड पडला आणि सर्व दिवे जळून गेले. वडील रागावले, मुलगा हिरमुसला आणि पेटी माळ्यावर गेली. ही हकिकत कानी येताच आम्हांस शंकर आबाजी भिसे यांचे स्मरण झाले.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. परदेशी शास्त्रीय मासिके हेच त्यांचे गुरू. बालपणीच त्यांनी घरी कोळशापासून वायू तयार करण्याचे उपकरण बनविले होते. पुढे आगगाडीतील उतारूंसाठी स्थानकदर्शक यंत्र योजिले. आपोआप वजन करणाऱ्या यंत्राच्या आराखड्यासाठी एका इंग्रजी नियतकालिकाने स्पर्धा ठेविली होती, तीत हा मुंबईकर तरुण पहिला आला. त्यानंतर ते लंडनला गेले. तेथे दादाभाई नौरोजी यांनी त्यांस आधार दिला.

लंडनमध्ये त्यांनी दुकानांसाठी विजेवर चालणारा जाहिरातीचा फलक तयार केला आणि तो तेथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडला गेला. परंतु त्यांचे खरे ध्येय छापखान्याचे खिळे झपाट्याने ओतणारे यंत्र हे होते. मिनिटास सुमारे १२०० खिळे ओतील असे यंत्र त्यांनी सिद्धही केले. तथापि द्रव्य सरले आणि १९०८ च्या अखेरीस त्यांस रिक्त हस्ते मायदेशी निघावे लागले. त्या प्रवासात जहाजावर गोपाळ कृष्ण गोखले भेटले, त्यांच्या शब्दावरून रतन टाटा यांनी भांडवल पुरविले आणि भिसे पुन्हा कामास लागले. पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले. लोक त्यांस हिंदुस्थानचे एडिसन म्हणू लागले, तरी त्या यंत्राने त्यांस अपेक्षित धन दिले नाही. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले.

ज्याला आरंभी कोणी शिकविले नाही आणि मध्येच ज्याचे सर्वस्व गेले, त्याने पेटी माळ्यावर टाकली नाही, हेच या चरित्राचे सार होय. जळालेला दिवा हा अपराध नव्हे, तो एक प्रश्न आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. चार्जर पाच व्होल्ट देतो, तांबड्या दिव्यास सुमारे दोन पुरतात. उरलेल्या तीन व्होल्टचा भार पेलण्यास प्रत्येक दिव्यामागे सुमारे १५० ओहमचा एक रेझिस्टर हवा, म्हणजे प्रवाह २० मिलीअँपिअरपुरता राहतो. दिव्याचा लांब पाय धन बाजूस जोडावा. घरातील २३० व्होल्टच्या तारांस मात्र मुलांनी कधीही हात लावू नये.

पालकहो, धन्याचे धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला आपण जाणता. मुलांच्या अंगचे गुण आपल्या रागाखाली पुरले जाऊ नयेत, इतकीच आमची विनंती. ती पेटी माळ्यावरून खाली आली आहे आणि तिचे दिवे आता जळत नाहीत, उजळतात.